इंग्रजीच्या वर्गात एका कथेवरून बोलायला आणि लिहायला कसं शिकवावं : सहा तासिकांचा क्रम

हायस्कूलच्या इंग्रजीच्या वर्गात साहित्य एका दिवशी होतं आणि संभाषण दुसऱ्या दिवशी. कथेच्या तासिकेला शिक्षक ओळीओळीचा अर्थ सांगतात, मुलं तो उतरवून घेतात. संभाषणाच्या तासिकेला 'मोबाइलचे फायदे-तोटे' असा विषय येतो आणि मुलं पाठ केलेली पाच वाक्यं म्हणून खाली बसतात. मग तक्रार होते की मुलांना बोलताच येत नाही.

चूक मुलांच्या इंग्रजीपेक्षा क्रमात जास्त असते. कथेचा अर्थ शिक्षकांनी आधीच सांगून टाकला, की मुलांकडे बोलण्यासारखं काही उरत नाही. उत्तर समोर असताना चर्चा कशाची करणार? म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे : मुलं आधी वाचतील, मग लिहितील, मग एकाशी बोलतील, मग चौघांत, मग वर्गात, आणि शेवटी पुन्हा लिहितील. शिक्षकांचं स्पष्टीकरण सगळ्यांत शेवटी येतं, आणि बऱ्याचदा त्याची गरजच पडत नाही.

हा क्रम ४० मिनिटांच्या सहा तासिका आणि साधारण ४० मुलांचा वर्ग धरून मांडला आहे. उदाहरणासाठी मुद्दाम रचलेली एक छोटी गोष्ट घेऊ. वडील गेल्यावर दोन बहिणींकडे त्यांचं किल्लीचं घड्याळ राहतं. मोठी बहीण रोज रात्री त्याला किल्ली देते. एक दिवस धाकटी ते गुपचूप विकते. त्या रात्री मोठी बहीण घड्याळाची डबी उघडते, ती रिकामी असते. ती डबी मिटते. सवयीनं तिची बोटं किल्ली फिरवल्यासारखी हलतात. ती धाकटीचं पांघरूण सारखं करते, पण तिच्याकडे पाहत नाही. 'उशीर झालाय, झोप आता,' एवढंच हळू आवाजात म्हणून दिवा मालवते. गोष्ट तिथे संपते.

## टप्पा १ : उतारा निवडणं

लांबी ८०० ते १२०० शब्द. याहून मोठी कथा घेतली तर वाचन दोन-तीन तासिकांवर पसरतं, आणि बोलायची वेळ येईपर्यंत मुलं सुरुवात विसरलेली असतात.

मग शब्दांची चाचणी. कथेच्या मधला १०० शब्दांचा कोणताही सलग तुकडा घ्या. वर्गातली पाच मुलं निवडा : दोन कच्ची, दोन मध्यम, एक तयार. अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगा. कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायचं तर १०० पैकी साधारण ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात. शिक्षकांचा हात धरून वाचायचं असेल तर ९५ वर भागतं. म्हणजे मध्यम मुलाच्या तुकड्यात पाचपेक्षा जास्त रेघा आल्या, तर ही कथा या वर्गासाठी नाही. कथा कितीही आवडती असली तरी बाजूला ठेवा. अनोळखी शब्दांच्या जंगलात मुलं अर्थ शोधत बसतात, मत बनवायला त्यांना उसंत मिळत नाही.

तिसरी अट सगळ्यांत महत्त्वाची : कथेत एक तरी जागा मोकळी हवी. लेखकानं काहीतरी न सांगता सोडलेलं असलं पाहिजे. आपल्या गोष्टीत मोठी बहीण का बोलत नाही, हे कुठेच लिहिलेलं नाही. चर्चा त्या न लिहिलेल्या जागेत होते. शेवटी तात्पर्य छापलेली बोधकथा त्यामुळे या कामाला चालत नाही, तिथे वाद घालायला जागाच नसते.

सावध : मूळ कथेची 'सोपी करून लिहिलेली' आवृत्ती घेताना शेवट मूळ कथेशी ताडून पाहा. संक्षेप करणारा माणूस नेमकी ती मोकळी जागा बुजवतो. 'तिनं मनोमन बहिणीला क्षमा केली' असं एक वाक्य घालतो, आणि तुमची चर्चा सुरू होण्याआधीच संपते.

## टप्पा २ : प्रश्न आधी, पाठनियोजन नंतर

बहुतेक चर्चा इथेच फसतात. वर्गात उभं राहिल्यावर सुचेल तो प्रश्न विचारला जातो, आणि सुचतो तो प्रश्न बहुधा माहितीचा असतो : घड्याळ कोणी विकलं? त्याचं उत्तर एक शब्द. तो शब्द एका मुलानं सांगितला की बाकीच्या ३९ जणांना करायला काही नाही.

कागद घेऊन बारा प्रश्न लिहा. मग त्यांची विभागणी करा.

पहिला प्रकार, ज्याचं उत्तर ओळीवर बोट ठेवून दाखवता येतं. घड्याळाला किल्ली कोण द्यायचं? असे दोनच प्रश्न ठेवा, तेही कथा समजली का हे पाहण्यापुरते.

दुसरा प्रकार, ज्याचं उत्तर दोन-तीन ओळी जोडून काढावं लागतं. धाकटीनं घड्याळ विकलं हे मोठीला त्या रात्रीच कळलं, की आधीच संशय होता? असे तीन ठेवा.

तिसरा प्रकार, ज्याची दोन उत्तरं बरोबर असू शकतात आणि दोन्हींना कथेत आधार आहे. मोठीचं गप्प राहणं ही क्षमा आहे की शिक्षा? असा एकच प्रश्न हवा. सहाही तासिका याच एका प्रश्नाभोवती फिरतात.

तपासणी : मुख्य प्रश्नाची दोन्ही विरुद्ध उत्तरं स्वतः इंग्रजीत लिहून पाहा, प्रत्येकाला कथेतले दोन-दोन पुरावे द्या. 'क्षमा' म्हणणाऱ्याकडे सारखं केलेलं पांघरूण आहे आणि तिचा हळू स्वर आहे. 'शिक्षा' म्हणणाऱ्याकडे न पाहणं आहे आणि रिकाम्या डबीबद्दल न बोलणं आहे. दोन्ही पारडी जवळपास सारखी भरली, तर प्रश्न पक्का. एका बाजूला चार पुरावे आणि दुसरीकडे एकही नाही असं झालं तर प्रश्न बदला. तो प्रश्न नसतो, प्रश्नचिन्ह लावलेलं विधान असतं.

दोन सापळे टाळा. 'तुम्ही तिच्या जागी असता तर काय केलं असतं?' हा प्रश्न आकर्षक वाटतो, मुलंही उत्साहानं बोलतात, पण दोन मिनिटांत कथा सुटते आणि प्रत्येकाचं घर सुरू होतं. तो शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवा. दुसरा सापळा : 'लेखकाला काय सांगायचं आहे?' मुलांना वाटतं, याचं उत्तर शिक्षकांच्या खिशात आहे. ती ते ओळखण्याचा खेळ खेळू लागतात.

## टप्पा ३ : शब्द, मोजकेच

कथेतून आठ ते दहा शब्द काढा. निकष एकच : हा शब्द कळला नाही तर मुख्य प्रश्नाचा विचार अडतो का? घड्याळाच्या गोष्टीत 'वाइंड' (किल्ली देणं) हे क्रियापद अडवतं. डबीचा रंग सांगणारं विशेषण अडवत नाही, ते तसंच राहू द्या. शब्द फळ्यावर लिहा, एकेका वाक्यात वापरून दाखवा, सात मिनिटांत संपवा. तीस शब्दांची यादी आणि त्यांचे अर्थ उतरवून घेण्यात पहिली तासिका गेली, तर कथेची उत्सुकता तिथेच विझते.

## टप्पा ४ : पहिलं वाचन (तासिका १)

पहिलं वाचन शिक्षकांनी करावं, मोठ्यानं आणि सावकाश. मिनिटाला १२० ते १३० शब्दांचा वेग धरला तर १२०० शब्दांना दहा मिनिटं लागतात. मुलांपुढे कागद असावा आणि नजर ओळीवर.

अर्ध्यावर, शक्यतो घड्याळ विकल्याचं कळतं त्या ठिकाणी, थांबा. पुढचं पान अजून वाटलेलं नसावं. प्रत्येकानं वहीत एक वाक्य लिहायचं : पुढे काय होईल आणि तसं का वाटतं. दोन मिनिटं. मग उरलेलं वाचा.

आळीपाळीनं एकेका मुलाला उभं करून एकेक परिच्छेद वाचायला लावण्याची सवय मात्र सोडावी लागेल. त्यात काय होतं ते पाहा : मुलं डोकी मोजून आपला परिच्छेद कोणता हे ठरवतात, तोच मनात घोकत बसतात, आणि वाचून झालं की ऐकणं बंद करतात. कथा तुकड्यांत कानावर पडते, अडखळणाऱ्याची फजिती होते ती वेगळीच. मोठ्यानं वाचण्याचा सराव हवाच असतो, पण तो कथा समजल्यानंतर जोडीत घ्यावा.

वाचून झाल्यावर पहिल्या प्रकारचे दोन प्रश्न विचारा. तेवढ्यानं कोणाला काय सुटलं ते कळतं. अर्थ समजावू नका. 'मॅडम, ती ओरडली का नाही?' असं कोणी विचारलं तर तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात विचारणाऱ्याच्या नावासकट लिहून ठेवा आणि पुढे चला. ही तासिका अर्धवट वाटेल. वाटू द्या.

## टप्पा ५ : दुसरं वाचन आणि लेखी मत (तासिका २)

आता मुलं स्वतः, मनात, हातात पेन्सिल घेऊन वाचतील. खुणा तीनच : जिथे समजलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, जिथे आश्चर्य वाटलं तिथे उद्गारचिन्ह, आणि मुख्य प्रश्नाशी ज्या ओळीचा संबंध वाटतो तिच्याखाली रेघ. मुख्य प्रश्न वाचनाआधीच फळ्यावर लिहा. प्रत्येकाकडे किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच रेघा असाव्यात. वरची मर्यादा घातली नाही, तर काही मुलं अख्खं पान रंगवतात. म्हणजे निवड केलीच नाही. रेघा मारलेल्या ओळींना बाजूला ओळक्रमांक लिहून घ्या. चर्चेत 'कुठे आहे ते?' यावर वेळ जात नाही.

मग आठ मिनिटं लेखन, बोलणं बंद. तीन वाक्यं हवीत : माझं मत, कथेतली ओळ, आणि ती ओळ माझ्या मताला आधार कशी देते. तिसरं वाक्य सगळ्यांत अवघड असतं आणि तेच वगळलं जातं. मूल लिहितं, 'शी फरगिव्हज हर बिकॉज शी कव्हर्स हर विथ द ब्लँकेट', आणि थांबतं. विचारा : पांघरूण घालणं म्हणजे क्षमाच कशावरून? सवयही असेल. त्याचं उत्तर म्हणजे ते तिसरं वाक्य.

इंग्रजी ही मुलांची घरची भाषा नसेल, तर पहिली टिपणं घरच्या भाषेत काढू द्या. विचार आणि परकी भाषा ही दोन ओझी एकाच वेळी उचलायला लावली की मुलं हलकं ते उचलतात, म्हणजे विचार टाकून पाठ असलेलं वाक्य लिहितात. टिपणं घरच्या भाषेत, अंतिम तीन वाक्यं इंग्रजीत, हा नियम स्पष्ट सांगा.

तपासणी : तासिका संपताना फिरून वह्या पाहा. ज्याच्या वहीत ओळक्रमांक नाही, तो पुढच्या तासिकेला बोलू शकणार नाही. त्याला तिथेच दोन मिनिटं द्या.

## टप्पा ६ : जोडी, मग चौघे (तासिका ३)

सुरुवातीची आठ मिनिटं वाक्यांच्या सांगाड्यांना द्या. फळ्यावर चारच लिहा :

मत मांडताना : आय थिंक … बिकॉज इन लाइन … शी …
असहमती दाखवताना : आय सी व्हाय यू से दॅट, बट लाइन … सजेस्ट्स …
पुरावा मागताना : व्हेअर इन द स्टोरी डू यू सी दॅट?
दुसऱ्याचं म्हणणं पुढे नेताना : आय वॉन्ट टू अ‍ॅड टू व्हॉट … सेड.

नुसते वाचून दाखवू नका. तुम्ही एक चुकीचं विधान करा, उदाहरणार्थ 'धाकटीनं घड्याळ मजेखातर विकलं', आणि मुलांना दुसरा आणि तिसरा सांगाडा तुमच्यावर वापरू द्या. शिक्षकांना इंग्रजीत खोडून काढण्याची संधी मुलं सोडत नाहीत.

याच वेळी या गोष्टीतली एक खास अडचण सांगून ठेवा. दोन्ही पात्रं स्त्रिया आहेत. 'शी नोज शी सोल्ड इट बट शी सेज नथिंग' यात कोण कोण हे ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक वाक्यात पहिला उल्लेख 'द एल्डर सिस्टर' किंवा 'द यंगर सिस्टर' असाच करायचा. कोणत्याही कथेत एकाच लिंगाची दोन पात्रं असली की हा गोंधळ होतोच. मग आपण त्याला 'विचार स्पष्ट नाहीत' म्हणून गुण कापतो.

आता जोडी. आधी विचार, मग शेजाऱ्याशी, मग सगळ्यांपुढे, ही रीत अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली आणि आज ती सगळीकडे वापरली जाते. चुकते ती 'शेजाऱ्याशी' या पायरीवर. 'बोला एकमेकांशी' एवढंच सांगितलं की एक बोलतो आणि दुसरा मान डोलवतो. म्हणून वेळ वाटून द्या : पहिला तीन मिनिटं बोलेल, दुसरा फक्त ऐकेल आणि शेवटी एक प्रश्न विचारेल. टाळी वाजवा. मग उलट.

त्यानंतर दोन जोड्यांचा चौघांचा गट, चौदा मिनिटं. गटात दोन्ही मतांची मुलं असतील असं पाहा. काम ठरलेलं : चौघांच्या मिळून दोन्ही बाजूंच्या सर्वांत भक्कम ओळी कोणत्या, हे ठरवायचं. एकमत करायचं नाही. 'तुमच्या गटाचं एक उत्तर ठरवा' असं सांगितलं की गट पहिल्या दोन मिनिटांत सर्वांत मोठ्या आवाजाच्या मुलाचं उत्तर लिहून मोकळा होतो.

दहा गट आहेत, सगळ्यांकडे जाणं शक्य नाही. आज तीन गट ठरवा आणि प्रत्येकाजवळ चार मिनिटं गप्प उभे राहा. खाली वाकून मदत करू नका. शिक्षक वाकले की मुलं आपापसात बोलायची थांबून त्यांना उत्तर देऊ लागतात.

सावध : शेवटी प्रत्येक गटाच्या प्रतिनिधीला उभं करून 'आमच्या गटात काय ठरलं' हे सांगायला लावू नका. दहा गट, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे वीस मिनिटं गेली आणि ऐकलं कोणीच नाही. प्रत्येक गटानं सर्वांत भक्कम ओळ एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावावी. पाच मिनिटं मुलं फिरून वाचतील. तेवढं पुरे.

## टप्पा ७ : वर्गचर्चा (तासिका ४)

बाकं हलवण्याचा कंटाळा करू नका. पाठमोऱ्या डोक्यांशी कोणी चर्चा करत नाही. दहा खुर्च्यांचं आतलं वर्तुळ करा, शिवाय एक रिकामी खुर्ची. बाकीचे तीस बाहेर, आतल्या प्रत्येकामागे तीन. आतले बोलतील. बाहेरचे तिघं आपल्यापुढच्याचं ऐकून नोंद करतील : कितीदा ओळीचा आधार दिला, कितीदा दुसऱ्याच्या बोलण्याला जोडून बोलला, आणि त्याचं सर्वांत चांगलं वाक्य कोणतं. बाहेरच्या कोणाला अगदीच राहवलं नाही, तर तो रिकाम्या खुर्चीवर येऊन एक मुद्दा मांडेल आणि परत जाईल. बारा मिनिटांनी आतले दहा बदला. अशा दोन फेऱ्या होतात. उरलेली वीस मुलं पुढच्या कथेच्या वेळी आत बसतील. तशी यादी आजच करून ठेवा.

वेळेचा हिशेब : मांडणी तीन मिनिटं, पहिली फेरी बारा, अदलाबदल दोन, दुसरी फेरी बारा, भाषेची दुरुस्ती आठ, आवरासावर तीन.

आता शिक्षकांनी काय करायचं, किंवा खरं तर काय करायचं नाही.

वर्गातल्या बोलण्याचा एक जुना साचा आहे : शिक्षक विचारतात, विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक शेरा देतात. सिंक्लेअर आणि कुल्टहार्ड या भाषाभ्यासकांनी १९७५ मध्ये तो नोंदवला. उजळणीला तो ठीक, चर्चेला मारक. पहिल्याच उत्तराला 'व्हेरी गुड' म्हटलं की वर्गाला कळतं, बरोबर उत्तर आलं. वर गेलेले बाकीचे हात खाली येतात. त्याऐवजी म्हणा, 'हे ऐकून कोणाला वेगळं वाटतं?', किंवा नुसती मान हलवून पुढच्याकडे पाहा.

मग थांबणं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले, की उत्तरं लांब होतात, त्यांत कारणं येऊ लागतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. आणि थांबायचं दोनदा असतं. एकदा प्रश्नानंतर, एकदा उत्तरानंतर. दुसरं जवळपास सगळे विसरतात. मूल एक वाक्य बोलून श्वास घेत असतं, तेवढ्यात आपण पुढचा प्रश्न टाकतो. त्याचं खरं वाक्य तोंडातच राहतं. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्याला तर तीनऐवजी पाच सेकंद द्या. शांतता शिक्षकांना बोचते, मुलांना तेवढी नाही.

मुलाचं उत्तर मोठ्यानं पुन्हा म्हणणंही बंद करा. हेतू चांगला असतो, मागच्यांना ऐकू जावं. पण मग मुलं एकमेकांचं ऐकतच नाहीत, शिक्षकांची आवृत्ती यायची वाट पाहतात. ऐकू गेलं नाही तर न ऐकू गेलेल्यानंच सांगावं : 'कुड यू से दॅट अगेन, प्लीज?'

चर्चा चालू असताना कागदावर आतलं वर्तुळ काढा. एकानंतर दुसरा बोलला की त्या दोन नावांमध्ये रेघ ओढा. दहा मिनिटांत चित्र दिसतं. सगळ्या रेघा तुमच्याकडे येत असतील, तर ती चर्चा नाही, तोंडी परीक्षा आहे. सगळ्या एका मुलाकडे जात असतील तर त्याला पुढची चार मिनिटं फक्त प्रश्न विचारण्याचं काम द्या. गप्प बसायला सांगितलं तर तो रुसतो, प्रश्नांचं काम दिलं तर कामाला लागतो.

बोलताना झालेल्या भाषेच्या चुका तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात अर्थ बिघडवणाऱ्या चुका. 'शी वॉज सोल्ड द वॉच' या वाक्यात घड्याळ विकणारी बहीण एकदम विकत घेणारी होते. ही पहिल्या रकान्यातली. दुसऱ्यात अर्थ न बिघडवणाऱ्या : 'शी डोन्ट लुक अ‍ॅट हर'. शेवटच्या आठ मिनिटांत पहिल्या रकान्यातली चार-पाच वाक्यं नावं न घेता फळ्यावर लिहा आणि वर्गाकडून सुधारून घ्या. दुसऱ्यातली एकच घ्या, जी सर्वांत जास्त वेळा ऐकू आली ती.

## टप्पा ८ : बोललेलं लिहिणं (तासिका ५ आणि ६)

१२० ते १५० शब्दांचा एक परिच्छेद, मुख्य प्रश्नावरच. घरी लिहून आणायला देऊ नका, निदान पहिल्या दोन कथांना तरी. घरून आलेला परिच्छेद कोणी लिहिला हे कळत नाही, आणि वर्गात झालेल्या चर्चेचा त्यात मागमूस नसतो.

रचना अशी : मताचं एक वाक्य, प्रसंग सांगणारं एक वाक्य, कथेतले तीन ते आठ शब्द अवतरणचिन्हांत, त्यांचं स्पष्टीकरण दोन वाक्यांत, आणि एक वाक्य दुसऱ्या बाजूचं, जे चर्चेत कोणीतरी मांडलं होतं. या शेवटच्या वाक्यामुळे चर्चेत ऐकावं लागतं. हे लिहायचं आहे, याची कल्पना चौथ्या तासिकेपूर्वीच द्या.

तीन चुका दर वेळी होतात.

अवतरण लोंबकळतं. मत, मग अख्खं वाक्य अवतरणात, मग 'दिस शोज शी इज अँग्री'. कोण म्हणालं, केव्हा म्हणालं, काही नाही. उपाय : अवतरण स्वतःच्या वाक्यात गुंफायचं. 'बाय सेइंग ओन्ली "इट्स लेट, स्लीप नाउ", द एल्डर सिस्टर रिफ्यूजेस टू टॉक अबाउट द वॉच.' यातलं 'ओन्ली' हा एक शब्दच अर्धं स्पष्टीकरण करतो.

काळ मिसळतो. कथा भूतकाळात लिहिलेली असते, म्हणून मुलंही भूतकाळात सुरू करतात आणि मध्येच वर्तमानकाळात येतात. कथेत काय घडतं हे सांगताना इंग्रजीत वर्तमानकाळ वापरायची रीत आहे. हे फळ्यावर लिहून ठेवा, आणि पहिल्या खर्ड्यानंतर प्रत्येकाला फक्त क्रियापदांखाली रेघा मारून तपासायला लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरी : परिच्छेदाऐवजी कथेचा सारांश. ओळखण्याची खूण सोपी आहे. परिच्छेदातून पहिलं वाक्य काढून टाका. बाकीचं वाचून मत कळत नसेल, तर तो सारांश आहे.

सहाव्या तासिकेला खर्डे जोडीत बदला. वाचणाऱ्यानं तीनच गोष्टी करायच्या : मताच्या वाक्याखाली रेघ, अवतरणाभोवती चौकट, आणि जिथे 'कशावरून?' असं विचारावंसं वाटतं तिथे प्रश्नचिन्ह. शेरे लिहायचे नाहीत. 'छान आहे' हा शेरा कोणाच्याच उपयोगाचा नाही. मग फेरलेखन.

## गुण कसे द्यावेत

बोलण्याला २० गुण : कथेचा आधार ६, इतरांना प्रतिसाद ६, ऐकू येईल असा स्पष्ट उच्चार ४, भाषेची अचूकता ४. हे निकष पहिल्याच तासिकेला वहीत लिहून द्या. अचूकतेला निम्मे गुण ठेवले की हुशार मुलंसुद्धा चुकू नये म्हणून तीन शब्दांची वाक्यं बोलतात. अचूकता लेखनात मोजा, तिथे तिला ८ द्या. तिथे सुधारायला वेळ असतो.

एका कथेत आत बसलेल्या वीस मुलांनाच गुण द्या. चाळीस जणांना एकदम गुण देऊ पाहणारा शिक्षक चर्चा ऐकतच नाही, हजेरीपटात मान घालून बसतो. बाहेरच्या निरीक्षकांच्या नोंदी वाचा, पण त्यांवरून गुण देऊ नका. मित्राचे गुण आपल्या हातात आहेत हे कळलं की नोंदी खोट्या होतात.

## अडलं तर

कोणीच बोलत नाही. दुसऱ्या तासिकेचं लेखन वहीत आहे. 'आपलं दुसरं वाक्य वाचून दाखव' एवढंच सांगा. वाचणं हेही बोलण्याचं पहिलं पाऊल आहे.

सगळे एकाच बाजूला. तुमचा प्रश्न कच्चा होता, किंवा वर्गातल्या वजनदार मुलानं आधी मत दिलं. बोलण्याआधी दोन्ही बाजूंचे हात मोजून आकडे फळ्यावर लिहिले, तर दुसरं टळतं. तरीही एकमतच असेल, तर आतल्या पाच जणांना विरुद्ध बाजू वाटून द्या.

मुलं इंटरनेटवरची किंवा गाईडमधली उत्तरं म्हणतात. अशा उत्तरांत मोठे शब्द असतात आणि ओळक्रमांक नसतो. आरोप करू नका, 'व्हिच लाइन?' विचारा.

गटात घरची भाषाच चालते. चौघांच्या गटात पहिली पाच मिनिटं चालू द्या, मग टाळी आणि इंग्रजी. वर्तुळात मात्र इंग्रजीच. शब्द अडला तर घरचा शब्द वापरून वाक्य पुरं करायचं. तो शब्द बाहेरच्या तिघांपैकी एकानं टिपून ठेवायचा, आणि दुरुस्तीच्या आठ मिनिटांत वर्गानं त्याला इंग्रजी शब्द शोधायचा. पुढच्या कथेसाठी आठ-दहा शब्द निवडताना ही यादी समोर ठेवा.